कानाखालची नस

उजव्या कानात कानातलं घालायला तिने मान डावीकडे वळवली आणि मला ती नस दिसली. ती आरशासमोर, मी मागे पलंगाच्या कडेवर, एक मोजा पायात आणि एक हातात, आणि खिडकीतून येणारा संध्याकाळचा तिरपा उजेड नेमका तिच्या मानेवर. कानाच्या पाळीखालून मानेच्या मोठ्या स्नायूवर तिरकी गेलेली, चांगली सुतळीएवढी जाड. रक्ताची नव्हे. रक्ताची निळसर असते, बोटाने दाबली की दबते. ही संवेदना वाहून नेणारी, आणि धडधाकट माणसाच्या मानेवर ती अशी डोळ्यात भरत नाही. माझा धंदाच हा. जाड झालेल्या नसेत बारीक सुई घालायची, आतल्या चार पेशी बाहेर काढायच्या, काचेवर पसरून रंगवायच्या आणि सांगायचं, हा कुष्ठरोग आहे की नाही. अंगावर चट्टा नसला, कातडी स्वच्छ असली आणि रोग नुसता नसेतच दबा धरून बसला असला, की बाकीचे डॉक्टर हात वर करतात आणि माणूस माझ्याकडे पाठवतात. दिवसभर मी लोकांना म्हणत असतो, मान वळवा, अजून थोडी, हां, बस्स. बायकोने न सांगता वळवली होती.

“काय रे, असा काय बघतोस भूत बघितल्यासारखा?” ती आरशातून म्हणाली. “म्हातारी दिसायला लागले का?”

“रक्त आलंय कानाला.”

तिने पाळीला बोट लावलं, बोट डोळ्यांजवळ नेलं. कानातल्याची दांडी भोकात न जाता शेजारच्या कातडीत शिरली होती. “अय्या, खरंच की. कळलंच नाही बघ मला,” ती म्हणाली आणि हसली.

कळलंच नाही. हे मी किती तोंडांतून ऐकलंय. चटका बसला डॉक्टर, कळलंच नाही. चपलेत खिळा होता, दिवसभर चाललो, कळलंच नाही. दर वेळी मी मान डोलावतो आणि पुढच्या माणसाला आत बोलावतो. आता अशा वेळी नवऱ्याने काय करायचं असतं? उठायचं, खिशातला रुमाल काढायचा, बायकोच्या कानावर धरायचा. यात काही डोंगर उचलायचा नसतो. मी काय केलं, तर बसल्या जागेवरून हात लांब करून कापसाची डबी टेबलावरून तिच्याकडे सरकवली. आणि मग वाकून दुसरा मोजा घालत बसलो, बराच वेळ. तिला वाटलं असेल, याची कंबर धरली.

आम्हाला जेवायला जायचं होतं. रुग्णालयातला एक भूलतज्ज्ञ निवृत्त होत होता, त्याच्या निरोपाचं जेवण. अशा जेवणांत आमचा एक ठरलेला विनोद असतो. ती दात करते. म्हणजे दंतवैद्य नाही. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन तिच्याकडे पाठवतात आणि ती आपल्या दोन खोल्यांच्या कारखान्यात मेणात एकेक दात रोवून कवळ्या तयार करते. तर विनोद असा, की हा सुया टोचतो आणि मी दात बसवते, तेव्हा आमच्या घराशी कुणी वाकडं घेऊ नका. तिने तो त्या दिवशीही सांगितला, लोक त्या दिवशीही हसले, आणि मी तिचा हात बघत होतो. चमचा धरताना करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून बाहेर उभी राहत होती, रुसल्यासारखी. दोन बोटांना पट्ट्या चिकटवलेल्या. मेण कापायची सुरी ज्योतीवर तापवावी लागते, चटके बसायचेच, मी त्या पट्ट्या कित्येक आठवडे बघत होतो. बघत होतो म्हणजे काय, त्या माझ्यासमोर होत्या. मध्ये एकदा ती म्हणालीही होती, करंगळीला मुंग्या येतात रे सारख्या. मी पेपरमधून डोकं न काढता म्हणालो, मानेचं असेल, उशी बदल. डॉक्टरच्या बायकोला औषध मिळत नाही, फुकटचा सल्ला मिळतो. आणि आता पलीकडे भाषण चाललेलं, टाळ्या वाजत होत्या, आणि मी तिच्या कोपराकडे बघत होतो. मानेवरची नस गेली तर कानाची पाळी बधिर होईल, त्याने कुणाचं अडत नाही. पण कोपराच्या मागच्या खाचेत जी दुसरी नस असते, जिला टेबलाची कड लागली की करंगळीपर्यंत वीज जाते, ती गेली की हात गेला. हाताचा जोर कमी व्हायला लागल्यापासून सहा महिन्यांच्या आत औषध पडलं तर पुष्कळदा तो परत येतो. नंतर बोटं आकड्यासारखी वळतात ती वळतातच. दात रोवणाऱ्या बाईचा हात. तिच्या मुंग्यांना किती महिने झाले ते मी मनात मोजायला लागलो, आणि शेजारच्याने पाठीवर थाप मारून काहीतरी विचारलं तेव्हा सुटल्यासारखं वाटून त्याच्याशी बोलत बसलो.

हे सगळं समजल्यावर शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी बायकोला हाताला धरून रुग्णालयात नेलं असतं. मी आठवडा काढला. काढला म्हणजे अक्षरशः, पाय ओढत. कामावर जात होतो, सुया घालत होतो, घरी येत होतो. झोपताना उकडतंय म्हणून वेगळं पांघरूण घेतलं. तिने ग्लास पुढे केला तर तो घेऊन स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा विसळला, आणि मग स्वतःची इतकी किळस आली की त्याच ग्लासाने दोनदा पाणी प्यायलो, कुणाला दाखवायला देव जाणे. घरात आम्ही दोघंच असतो. मला सगळं ठाऊक आहे हो. हा रोग असा ग्लासातून, पांघरुणातून उडी मारत नाही, शंभरातल्या पंच्याण्णवांना तो होतच नाही, औषध सुरू झालं की त्याचा पसरण्याचा जोर काही दिवसांत संपतो. मी हे पाठ म्हणून दाखवू शकतो, झोपेत. डोक्याला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. आणि डोकं तरी काय दिवे लावत होतं? ते हिशोब मांडत होतं, हिला हे आलं कुठून. आधी वाटलं, तिच्या कारखान्यात तो मेण वितळवणारा माणूस आहे, त्याच्या कानाच्या पाळ्या जाड दिसतात. मग वाटलं, तिची आतेबहीण. दोन दिवस मी त्या बिचाऱ्या आतेबहिणीला मनातल्या मनात आडवंतिडवं तपासलं. ज्या माणसाने पंचवीस वर्षं याच रोगाच्या लोकांच्या मानेला, कोपरांना, घोट्यांना हात लावलेत आणि मग घरी येऊन हिच्या गालाला हात लावलाय, त्याचं नाव या यादीत सगळ्यात शेवटी आलं. आलं आणि मी ते झटकून टाकलं. रोग माझ्याकडून गेला असेल की नसेल, हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. पण झटकून टाकण्याची ती घाई, तिची मला लाज वाटते.

लहानपणी आमच्या पोस्टाच्या पायऱ्यांवर एक माणूस बसायचा. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, नाक बसलेलं. आई मला घेऊन तिकडून जाताना काही बोलत नसे. ‘महारोगी’ हा शब्दसुद्धा मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. ती फक्त माझा हात घट्ट दाबायची, पायऱ्या सुरू झाल्या की दाबायची आणि संपल्या की सोडायची. तेवढंच. त्या माणसाने एकदा माझ्याकडे बघून डोळा मारला होता, मला हसू आलं होतं, आणि आईच्या हाताने बोटं चुरगळली होती. मोठेपणी मी डॉक्टर झालो, त्यातही हाच रोग धरला, लोक म्हणायचे केवढं मोठं मन आहे. मलाही तसंच वाटायचं. दर महिन्याला नवी मुलं शिकायला येतात, त्यांच्यासमोर माझं एक नाटक असतं. पहिल्या दिवशी मी मुलांना हातमोजे काढायला लावतो. सुई घालताना घाला, म्हणतो, रक्ताचा प्रश्न असतो, पण नस चाचपताना बोटं उघडी हवीत, नस हातमोज्याला कळत नाही. आणि माणसालाही कळतं तुम्ही त्याला हात लावला की रबराने लावला. मग मी समोरच्या माणसाचा कोपर स्वतःच्या तळहातात घेतो आणि एकेका पोराकडे बघतो. कुणी मागे सरकलं की त्याची खरडपट्टी काढतो, सगळ्यांसमोर. एकदा एक मुलगी रडली. मी घरी येऊन बायकोला हे सगळं रंगवून सांगायचो आणि ती भाजी चिरता चिरता म्हणायची, बाप रे, तुझ्या हाताखाली शिकायचं म्हणजे. माझी छाती फुगायची.

सुट्टीच्या दिवशी मी तिला रुग्णालयातल्या माझ्या खोलीत नेलं. खात्याला कुलूप होतं, किल्ली माझ्याकडे असते. मानेत गाठ वाटतेय, म्हणालो, जरा सुई घालून बघू, दोन मिनिटांचं काम. सुट्टीच्या दिवशी का, असं तिने विचारलं नाही. रिकाम्या लांब व्हरांड्यातून आमच्या पावलांचा आवाज येत होता आणि मी किल्ल्या हातात घट्ट धरल्या होत्या, त्या वाजू नयेत म्हणून. स्वतःच्या खात्यात चोरासारखा. एरवी सुई घालताना सिस्टर असतात, रोग्याचा हात धरायला, त्याच्याशी चार शब्द बोलायला; दाराशी मावशी असतात, त्यांना प्रत्येकाची माहिती हवी असते. त्या मावशींच्या तोंडाला मी भीत होतो. मी काचा मांडल्या, सुई काढली, तिला स्टुलावर बसवलं आणि मान वळव म्हणालो. तिने वळवली. मी बोटं टेकवून नस चाचपली, वर, खाली. नीट लागेना.

“दोन दोन?” ती म्हणाली. मान तशीच वळलेली, भिंतीकडे बघत.

“अं?”

“हातमोजे रे. एकावर एक दोन घातलेस.”

मी हातांकडे बघितलं. खरंच दोन होते. मनगटाशी एकाची कड दुसऱ्याच्या वर आलेली. कधी घातले मला आठवेना.

“तू तर उघड्या हाताने बघतोस ना नसा? कितीदा ऐकलंय तुझ्याकडून.” तिने मान सरळ केली आणि माझ्याकडे बघितलं. “ते आहे का मला?”

“अगं, कशाचं काय घेऊन बसलीस. नुसती खात्री करून घ्यायची.”

“गाठ असती तर एकच जोडी घातली असतीस,” ती म्हणाली. रागाने नाही, कवळीतला एखादा दात वाकडा बसला की जशी सांगते तसं. मग पुन्हा मान वळवली. “घाल आता सुई. आलोच आहोत तर.”

काढून टाकायला हवे होते, दोन्ही, त्याच क्षणी. पण मग काढतानाही ती बघणार, म्हणून मी ते तसेच ठेवले. केवढा भित्रेपणा. नस दोन बोटांत पकडायची, ती हलू द्यायची नाही, आणि सुई तिच्या लांबीच्या दिशेने आत सारायची. एरवी मी हे बोलता बोलता करतो. सुई बरोबर गेली की माणूस दचकतो, कानापर्यंत झिणझिणी जाते, आई गं म्हणतो. त्या दिवशी रबराखाली नस सारखी निसटत होती. मी घातली. ती हलली नाही.

“दुखलं?”

“नाही. दुखायला हवं होतं का?”

 काचेवर पसरलं, वाळवलं, रंगवलं, सूक्ष्मदर्शकाखाली घातलं. नुसतं रक्त. लाल पेशींचा चिखल, बाकी काही नाही. शिकाऊ पोराने असं आणलं असतं तर मी काच त्याच्या हातात परत दिली असती आणि वर दोन शब्द ऐकवले असते. “नीट आलं नाही,” मी म्हणालो, “पुढच्या आठवड्यात बघू. आणि हे बघ, तू काळजी करू नकोस. काही निघालंच तर औषध मी घरी घेऊन येईन, आमच्या कपाटात असतं. कुठे जायला नको, कुणाला कळायला नको.”

“कुणाला कळायला नको?”

“लोकांना.”

“लोक म्हणजे कोण? तुमचा मलम?” आमच्या त्वचारोगतज्ज्ञाला आम्ही मलम म्हणतो. “की ती चिमणी?” चिमणी म्हणजे माझ्या हाताखालची डॉक्टर, अंगाने एवढीशी, आवाज त्याहून बारीक. “रोज याच माणसांना तपासणारे लोक ना ते?”

“तुझ्याच भल्याचं बोलतोय. लोकांच्या तोंडात घालायची वस्तू करतेस तू. कळलं तर एक दंतवैद्य काम पाठवेल का?”

ती बोटांवरच्या पट्ट्यांकडे बघायला लागली. बाण बरोबर बसला होता, मला दिसलं. आणि हेही ठाऊक होतं की बोलतोय ते साफ खोटं आहे. तिच्या कवळ्यांनी कुणालाही काही होणार नव्हतं, हे जगात कुणी ठणकावून सांगायचं तर मीच. मला तिच्या कारखान्याची काळजी नव्हती. निरोपाच्या जेवणात पुढच्या वेळी आपण दोघं आत शिरलो की लोक कसे बघतील, हे मला दिसत होतं. कुष्ठरोगावर भाषणं देणाऱ्याच्या घरातच. आणि हे तिच्याच गळ्यात मारून मी मोकळा झालो होतो.

“माझ्या कामाचं काय करायचं ते मी बघेन,” ती शेवटी म्हणाली. उठताना तिने उजव्या हाताने टेबल धरलं, मग तो हात काढून डावा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ती घरात नव्हती. लवकर काम असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्यावर विश्वासही ठेवला. रुग्णालयात जिन्यावरून वर आलो तर मलमच्या दारासमोरच्या बाकावर ती बसलेली. एका बाजूला पायाला मोठं बँडेज बांधलेला म्हातारा, दुसऱ्या बाजूला मांडीवर पोर घेतलेली बाई, मध्ये ती, कामाला जाताना घालते तेच कपडे, हातात चिठ्ठी. म्हातारा तिला काहीतरी सांगत होता आणि ती मनापासून ऐकत होती. तिने मला बघितलं. आणि मी, देवाशपथ, वळलो. औषधांच्या कोठीकडे जाणारा दुसरा व्हरांडा आहे, लांबचा, तिकडून वळसा घालून खोलीत गेलो. दार लावलं. तिने हाक मारली नव्हती. मारली असती तर बरं, मग निदान चिडता आलं असतं. खुर्चीत बसून मी टेबलावरच्या काचा उगाच सरळ करत राहिलो. कान गरम झाले होते, भरल्या वर्गात मास्तरांनी उभं केल्यावर व्हायचे तसे, आणि या वयात. बाहेरची बाकं कशी असतात मला ठाऊक आहे. लोक तिथे मान खाली घालून बसतात, ओळखीचं कुणी दिसलं की चिठ्ठीने तोंड झाकतात. ते मला विचारायचे, डॉक्टर, जरा हळू बोलाल का, आणि मी मुद्दाम मोठ्याने बोलायचो, की यात लपवायचं काय आहे. त्या आवाजाची मला आता चीड येत होती.

नस चाचपून, हाताचा जोर बघून मलमने नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहिली आणि तिला आमच्याकडे पाठवलं. हे मला सिस्टरांनी सांगितलं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “सर, मॅडम आल्यात. सुईला.”

मी उठलो.

“नाही, म्हणजे...” त्या घासात खडा लागल्यासारखं तोंड करून म्हणाल्या, “त्या म्हणतात यांच्याकडून नको. धाकट्या मॅडमनी करावी.”

मी बाहेर पडद्याशी जाऊन उभा राहिलो. आत जायची सोय नव्हती आणि लांब जायचा धीर नव्हता. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते आणि समोर चिमणीचे पांढरे बूट. चिमणीचा बारीक आवाज म्हणत होता, मॅडम, माझे हात गार आहेत हं. हात म्हणाली ती. मी शिकवलेलं ती पोरगी करत होती. “हां, ही मानेची. चांगली जाड आहे. आता कोपर द्या. इथे दाबते, सांगा काय होतंय ते.” आणि एकदम बायको ओरडली, “आई गं! अगं बाई, हळू!”  सिस्टर आतून म्हणाल्या, “ओरडा हो, चांगलं असतं ते,” आणि खरंच चांगलं होतं. कोपराची नस दुखत होती. दुखत होती म्हणजे सुजलेली होती, मेलेली नव्हती. हात अजून हातचा गेला नव्हता. आज औषध सुरू झालं तर. आज, पुढच्या आठवड्यात नव्हे. आठवडाभर घरात माझ्या शेजारी ती नस सुजत होती आणि मी ग्लास विसळत होतो. पडद्याशी मी तोंडावर हात धरून उभा होतो, आणि मावशी बादली घेऊन आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता दुसरीकडे गेल्या.

काचा रंगून येईपर्यंत ती माझ्या खोलीत येऊन बसली, भिंतीजवळच्या खुर्चीवर. मी चहा मागवू का विचारलं, ती नको म्हणाली. व्हरांड्यात मी तिला बघितलं होतं आणि वळलो होतो, त्याबद्दल ती बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. ती म्हणाली, “त्या म्हाताऱ्याचा नातू गोलंदाज आहे म्हणे.” एवढंच. मग चिमणी काचा घेऊन आली. आमची पद्धत अशी, की कुणीही सुई घातली तरी शेवटची नजर माझी. सवयीने तिने काच माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, मग कुणाची आहे ते आठवून तिचा हात थबकला.

“बघ की,” बायको म्हणाली.

मी बघितलं. सुंदर नमुना होता. हा शब्द आमच्या धंद्यात असाच वापरतात, मला बदलता येत नाही. नसेचे बारीक तुकडे, लाटा लाटांचे, निळसर जांभळे. आणि त्यांच्या मधोमध घोळके, लांबोळ्या पेशींचे, चपलेच्या तळव्यासारख्या आकाराच्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या, भोवती काळ्या ठिपक्यांची गर्दी. मी हे कुणाकुणाच्या नसेत बघितलंय, आणि बघितलं की एक प्रकारचं समाधान होतं, सापडलं म्हणून. त्या दिवशीही झालं, क्षणभर. मग ती खुर्ची करकरली आणि कळलं की या पेशी तिच्या आहेत, त्या मानेतल्या, जिथे मी पूर्वी ओठ टेकवायचो. दुसरी काच घातली, जंतू शोधायची. पुष्कळ वेळ काही नाही. मग एक लाल काडी. मग थोडं सरकवल्यावर अजून दोन, शेजारी शेजारी.

“काय दिसतंय?” ती म्हणाली. “सांग ना.”

“नसेत दाह आहे,” मी भिंगात डोळे ठेवूनच म्हणालो. “काही पेशी आहेत. जंतूही थोडे...”

“कशाचे?”

चिमणी टेबलाशी उभी होती, सिस्टर दारात, त्यांच्या मागे मावशी. दार उघडं होतं. बाहेर बाकांवर लोक. मी डोळे वर केले आणि तोंडातून शब्द फुटेना. दिवसातून पन्नासदा उच्चारायचा शब्द. मुलांना सांगायचो, गुळगुळीत बोलू नका, रोगाचं नाव घ्या, नाव न घेतल्यानेच माणूस मेल्याहून मेल्यासारखा होतो. ती माझ्याकडे बघत होती. घाई नव्हती तिला. मला वाटलं, ही आता दया येऊन स्वतःच म्हणेल. ती म्हणाली नाही.

“कुष्ठरोग आहे तुला,” मी म्हणालो.

“हां,” ती म्हणाली, आणि खांदे खाली सोडले. “मग आता काय काय करायचं?”

चिमणीने सांगितलं. मी ऐकत होतो. वर्षभराच्या गोळ्या, सूज उतरायला वेगळ्या गोळ्या आजपासूनच, हाताला रात्री पट्टी, दर पंधरा दिवसांनी हाताचा जोर बघायला यायचं, मेणाच्या सुरीला लाकडाची जाड मूठ बसवून घ्यायची. सगळं नीट सांगितलं तिने, एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि शेवटी तिचा आवाज आणखी बारीक झाला. “सर, म्हणजे... घरातल्यांना पण तपासावं लागतं.”

“हो, बरोबर आहे,” मी म्हणालो. “तपास.”

मी स्टुलावर बसलो. शर्टाच्या बाह्या वर केल्या, मान वळवली. चिमणीची बोटं खरोखरच गार होती. कुणी कधी माझ्या मानेला अशी बोटं लावली नव्हती, शोधणारी. डावी बाजू, उजवी बाजू, मग कोपर, मनगट, मग खाली वाकून गुडघ्याच्या बाजूची, घोट्यामागची. स्पर्श कळतो का ते बघायला ती नायलॉनचा बारीक तंतू माझ्या तळहातावर टेकवत होती आणि मी डोळे मिटून हं, हं म्हणत होतो. आणि त्या मिटलेल्या डोळ्यांआड मी म्हणत होतो, सापडू दे. एक तरी नस जाड निघू दे, घोट्याची असली तरी चालेल. मग मी तिच्या शेजारी त्या बाकावर बसेन, आमच्या गोळ्यांची पाकिटं एका डब्यात राहतील, आणि हा आठवडा, पांघरूण, ग्लास, तो लांबचा व्हरांडा, सगळं फिटेल. मी खरंच असं मागत होतो. मला स्वतःचं कौतुकही वाटलं थोडं.

“काही नाही सर,” चिमणी उभी राहत म्हणाली. “सगळ्या नसा व्यवस्थित आहेत.”

आणि माझ्या तोंडून श्वास बाहेर पडला. मोठ्याने, खोलीभर ऐकू जाईल असा. खांदे सैल पडले, पाय हलके झाले, तोंडावर हसू आलं, आवरायच्या आत. मी डोळे उघडले तर ती समोरच, माझ्याकडेच बघत होती. सगळं बघितलं होतं तिने.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “सुटलास तू.” तिचे डोळे भरले होते. मी तिच्या आवाजात टोमणा शोधला, मला तो हवा होता, पण नव्हता. तिला माझ्यासाठी बरं वाटलं होतं. मलाही माझ्यासाठीच.